निळ्या कडेची थाळी

आमच्या गावात एक लष्करातले जनरल राहायला आले होते आणि ते बायकांचे पाय तपासायचे. असं एकदम सांगितलं की लोक हसतात. मी म्हणते, हसून घ्या. पुढचं सांगताना मला काही हसू येत नाही.

गाव म्हणजे नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आता तिथे फार्महाऊसांच्या कमानी आहेत आणि ‘कुत्र्यापासून सावध’ अशा पाट्या. मी सांगते ते पनवेलहून दिवसातून तीनदाच एसटी यायची तेव्हाचं. साहेबांनी आमच्या शेताला लागून जमीन घेतली, दोन खोल्या बांधल्या आणि एकटेच येऊन राहिले. बायको आधीच वारलेली, मुलगी परदेशात. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, त्यांच्याकडे शेतावर देखरेखीला लागले आणि मी गावातल्या बायकांबरोबर लावणीला जायला लागले.

पहिल्या वर्षी लावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं. बघतो तर काय, अंगणात वाळू पसरलेली. वाळूत बोटाने काढलेले बांध, निळ्या दोऱ्याचा ओहोळ, आणि ओळीने मांडलेल्या आगकाड्या. आगकाड्या म्हणजे आम्ही! साहेब हातात छडी घेऊन उभे. ‘‘ही पहिली तुकडी इथून शिरणार. दुसरी तुकडी रोपं पोचवणार. पाणी या बाजूने सोडणार.’’ सांगून झाल्यावर त्यांनी टाचा जुळवल्या आणि विचारलं, ‘‘कोई शक?’’

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षं लावणी केलेली. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘‘लावनी हाय का लढाय हाय ही?’’ आणि मग मोठ्याने, ‘‘नाय साहेब, काय शक नाय!’’

हे ‘कोई शक’ पुढे गावभर झालं. मुलं गोट्या खेळताना म्हणायची, ‘कोई शक?’ आमचे मालक मला बाजाराची पिशवी देताना म्हणायचे. कुणाला काही शंका आहे का, असेल तर आत्ता विचारा, नंतर नको, एवढाच त्याचा अर्थ. साहेब प्रत्येक कामाच्या आधी विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. नुसतं विचारायचं म्हणून विचारत नव्हते ते. हे मला आता कळतं.

तर पाय. लावणीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही चिखलातून बाहेर आलो, तर साहेब म्हणाले, ‘‘रांगेत उभ्या राहा. पाय धुवा आणि दाखवा.’’

बाई गं! आम्ही साड्या खाली ओढायला लागलो. एवढा मोठा पुरुष माणूस, पांढऱ्या मिश्यांचा, आणि बायकांचे पाय बघतो म्हणजे काय? सासूबाई तर चालूच लागल्या. तेवढ्यात साहेब खाली उकिडवे बसले, माझ्याच पुढे. मी लहान, म्हणून रांगेत पहिली लोटलेली. माझा पाय त्यांनी हातात घेतला, बोटं फाकवून बघितली. आधी घरच्या लावणीत चिखल्या झाल्या होत्या, लालभडक. त्यांनी कापसाने जांभळं औषध लावलं. मला झोंबलं, तसे म्हणाले, ‘‘रड, सूनबाई, खुशाल रड. पण उद्या सकाळी पुन्हा दाखव.’’

त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. दुसऱ्या दिवशी सासूबाई सगळ्यांच्या आधी पाय धुऊन रांगेत.

शाळेत झेंडावंदनाला बोलावलं, तिथेही तेच. हेडमास्तरांना वाटलेलं, जनरल म्हणजे छातीभर पदकं लावून येतील. हे आले कोपराला ठिगळ लावलेल्या स्वेटरात. भाषण तीन वाक्यांचं. मग मुलांना म्हणाले, ‘‘बूट-मोजे काढा.’’ निम्म्या मुलांना बूटच नव्हते, ती फार खूश झाली.

लढाईचं मात्र काही सांगायचे नाहीत. आम्हाला एवढंच ठाऊक की एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्वेकडच्या आघाडीवर होते, हाताखाली हजारो माणसं होती. लोक म्हणायचे, ते आणखी वर जायचे, अगदी वरपर्यंत, पण कुठे तरी अडलं. का, ते कुणाला माहीत नव्हतं. एकदा आमच्या मालकांनी धीर करून विचारलं, ‘‘साहेब, लढाई म्हणजे नक्की काय असतं हो?’’ आम्हाला वाटलं, आता तोफा येणार. साहेब म्हणाले, ‘‘रांग. जेवणाची, पाण्याची, औषधाची. रांग शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे. बाकी सगळं मुलं करतात, आपण फक्त नाव लावतो.’’ आणि मग अर्धा तास बटाट्यांची पोती खेचरांवर कशी बांधायची ते सांगितलं.

माणूस असा होता. आणि त्या माणसाशी मी जे वागले ते आता सांगते.

साहेब येऊन आठेक वर्षं झाल्यावर आम्ही पक्कं घर बांधलं. घरभरणीला सकाळी सत्यनारायणाची पूजा, दुपारी गावजेवण. सासऱ्यांनी ठरवलं, पहिल्या पंगतीतलं पहिलं पान साहेबांचं. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय पंगत हात लावत नाही. मी तर तीन दिवस आधीपासून लागले होते. एकदा बांधावर साहेब मला म्हणाले होते, त्यांची आई अलिबागकडची, ती वालाचं बिरडं करायची, ती गेल्यावर तसं बिरडं कुठेच मिळालं नाही. मी ते मनात ठेवलं होतं. वाल भिजवले, मोड काढले, एकेक दाणा सोलला, बोटांची साल गेली. गावासाठी मोठं पातेलं केलंच, पण साहेबांसाठी वेगळं लहान पातेलं केलं, जास्त खोबरं घालून, आणि दाराआड झाकून ठेवलं.

साहेब ठरल्या वेळेवर आले. पांढराशुभ्र सदरा. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आम्हाला वाटलं भेटवस्तू असेल. सासरे पुढे झाले, पाटाभोवती रांगोळी काढलेली, समई लावलेली. ‘‘या साहेब, बसा, पैला मान तुमचा.’’

साहेबांनी पाटाकडे बघितलं, पंगतीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘नाही नाही, आधी हे सगळे. मी नंतर.’’

सासऱ्यांना वाटलं, संकोच करतात. त्यांनी हात धरला. साहेबांनी हात सोडवून घेतला. हळूच, पण सोडवलाच. मग ते वर्तमानपत्र सोडलं. आत एक थाळी आणि चहाचा मग. पांढरी इनॅमलची थाळी, कड निळी, दोन ठिकाणी टवके गेलेली. ती त्यांनी खिडकीत ठेवली, बाह्या वर केल्या, वरणाची बादली उचलली आणि पंगतीत वाढायला लागले.

स्वतःची थाळी घेऊन आले होते. आमच्या घरी!

तुम्हाला शहरातल्यांना यात काय एवढं, असं वाटेल. आम्ही आगरी माणसं. आमच्या म्हाताऱ्यांनी लोकांच्या ओट्याखाली बसून वेगळ्या कपात चहा प्यालेला. वेगळं भांडं म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. सासूबाई माझ्या कानाशी आल्या. ‘‘बघितलंस? आपली भांडी बाटलेली वाटतात याला. आपल्या हातचा भात चालत नाय.’’ सासऱ्यांनी त्या पाटावर माझ्या धाकट्या दिराला बसवलं आणि मागच्या पडवीत निघून गेले. मग आम्हाला एकेक आठवायला लागलं. साहेब आपल्याकडे कधी चहा प्यायलेत? नाही. लावणी संपल्यावर त्यांच्या अंगणात जेवण असतं, तेव्हा आपल्यात बसून जेवलेत? नाही, वाढायचा डाव घेऊन उभे असतात. तेव्हा आम्ही म्हणत होतो, यजमान आहेत, यजमान मागूनच जेवतो. आता त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ लागला आणि तो सगळ्यांना एकदम पटला.

साहेब चार पंगती वाढत होते. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. पोरांना म्हणत होते, ‘‘पुरी घे, लाजू नकोस, कोई शक?’’ शेवटची पंगत उठली, ढोलकीवाले जेवले, उष्टी काढणाऱ्या बायका जेवल्या. मग ते थाळी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. माझ्यासमोर उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे, थाळी पुढे धरून.

‘‘सूनबाई, काही उरलंय?’’

माझ्या पाठीशी दाराआड ते पातेलं होतं. निखाऱ्यांवर ठेवलेलं, मागे हात लागला तर झाकणाचा चटका बसला. माझी सोललेली बोटं दुखत होती. सासऱ्यांचं तोंड डोळ्यांसमोर होतं. मी म्हटलं, ‘‘संपलं, साहेब.’’

त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं. पडावा, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो चेहरा उजळला हो! ‘‘संपलं? शाबास! सगळे जेवले ना पण? एकही उपाशी नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘शाबास,’’ पुन्हा म्हणाले. कोरडी थाळी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, सासऱ्यांना मागच्या पडवीत जाऊन नमस्कार केला आणि बांधावरून चालत घरी गेले. ते बिरडं आम्ही कुणीच खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी आंबलं. मी गोठ्यामागे ओतलं.

त्यानंतर गावात त्यांना कुणी जेवायला बोलावलं नाही. साखरपुडे झाले, बारशी झाली. पत्रिका द्यायचो, देवापुढे ठेवल्यासारखी, पण ‘जेवायला या’ असं तोंडाने कुणी म्हणायचं नाही. ते यायचे, पोराच्या हातावर काही ठेवायचे, पंगत बसायच्या आधी जायचे.

पुढच्या वर्षी लावणी संपली तो दिवस मला विसरायचा आहे. साहेबांनी नेहमीसारखा स्वतः खिचडीचा टोप रांधला होता. सासूबाईंनी आम्हाला आधीच बजावलेलं, ‘‘आपलं त्याला चालत नाय, तर त्याचं आपल्याला कशाला?’’ आम्ही पंधराजणी बांधावर बसलो आणि आपापल्या भाकऱ्या सोडल्या. साहेब अंगणात टोपापाशी डाव धरून उभे. जरा वेळ त्यांना कळलंच नाही. मग कळलं. ते आमच्याजवळ चालत आले. म्हणाले, ‘‘खिचडी बिघडलीय का? काही चुकलं का माझं?’’ कुणी वर बघेना. ते थांबले. मग हळू आवाजात विचारलं, ‘‘कोई शक?’’

आणि आम्ही सगळ्याजणी, नेहमीसारख्या, एका सुरात म्हणालो, ‘‘नाय साहेब.’’

एवढीच तर संधी होती. विचारा म्हणत होता तो माणूस. आठ-दहा वर्षं दर वेळी विचारत होता. आमच्या पोटात एकच शंका होती आणि तीच सोडून आम्ही सगळं बोलायचो. त्या दिवशी त्यांनी टोप आमच्या मालकांच्या मदतीने बैलगाडीत चढवला आणि डोंगरावरच्या कातकरी वाडीत नेऊन वाटला. तिथे सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी तळाची खरवड खाल्ली. मालकांनी घरी येऊन हे सांगितलं. म्हणाले, ‘‘कातकऱ्यांकडे जेवले ते. आपल्याकडेच नाय जेवत.’’ आणि आम्हाला त्याचाही रागच आला! डोकी फिरलेली असली की डोळ्यांना दिसतं तेही कळत नाही. पाय तर ते अजून तपासत होते. ज्या माणसाने खाली बसून माझा चिखलातला पाय हातात घेतला, त्याला माझ्या हातचा भात चालत नाही, हे मी मानलं कसं? मी आज सत्तरी ओलांडली, चौथी शिकलेली बाई, मग रद्दीतले कागद वाचून वाचून लिहायला शिकले. पण या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या कागदात मिळालं नाही.

शेवटी ते आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. तोवर सासरे गेले होते, माझा राग थोडा निवला होता. पूर्ण नाही. मी बिरडं केलं, डबा घेऊन गेले. साहेब खुर्चीत, गुडघ्यांवर कांबळं. डबा उघडला तसा वास गेला आणि त्यांनी डोळे मिटले. ‘‘बिरडं,’’ म्हणाले. आपली थाळी मांडीवर ओढली, चमचाही हातात घेतला. मग थांबले.

‘‘घरी सगळे जेवले?’’

आता काय सांगू तुम्हाला. दुपारचे बारा वाजले होते, मालक शेतावर होते, मुलं शाळेतून यायची होती. मी खरं तेच बोलले. ‘‘नाही अजून.’’

त्यांनी चमचा खाली ठेवला. डब्याचं झाकण स्वतः लावलं. ‘‘मग आधी त्यांना दे. उरलं तर मला आण.’’

मी डबा उचलला आणि आले. वाटेत रडत होते, रागाने. मरायला टेकला तरी माझं अन्न चालत नाही म्हणून. घरी मुलांनी ते बिरडं संपवलं. उरलं नाही, म्हणून नेलं नाही. एक ‘हो’ म्हटलं असतं तर ते जेवले असते. एक अक्षर!

पंधरा दिवसांनी गेले. सैनिक आले, तिरंगा आला, बिगूल वाजला, सगळं गाव उभं होतं. त्यानंतर घर आवरायला त्यांचा जुना ड्रायव्हर आला, साताऱ्याकडचा, सुभेदार होऊन निवृत्त झालेला. मालकांनी त्याला जेवायला घरी आणला. मी ताट वाढलं तर तो म्हणाला, ‘‘ताई, माणसं जेवली का घरातली? न्हाई, सवय लागली सायबांबरोबर.’’

मी पळी खाली ठेवली. मी म्हटलं, ‘‘कसली सवय?’’

तो सांगत गेला. लढाईत नदी ओलांडून त्यांची फौज पलीकडे गेली होती. संध्याकाळी साहेबांना निरोप आला, सगळ्यांना जेवण पोचलं. साहेब मग जेवले. त्या दिवशी पुऱ्या होत्या आणि खीर. पहाटे हल्ला झाला, ठाणं घेतलं, सगळीकडे शाबासकी. साहेब तिथे बघायला गेले तेव्हा कळलं, एक तुकडी दोन दिवस उपाशी होती. जेवणाची होडी भलत्याच घाटाला लागली होती आणि कुणी तरी न बघताच ‘पोचलं’ म्हणून कळवलं होतं. ती पोरं मूठमूठ चणे खाऊन लढली. निम्मी परत आली नाहीत.

‘‘तिथं एका पोराची थाळी पडली व्हती, ताई. कोरडी. सायबांनी उचलली. मागं खिळ्यानं त्याचा नंबर कोरलेला. त्या दिसापास्नं शेवटचा मानूस जेवल्याबगर साहेब जेवलं न्हाईत, आन् दुसऱ्या थाळीत बी जेवलं न्हाईत. मोठ्या मेजवान्यांत बी. लोक हसायचं.’’

मालकांनी विचारलं, ‘‘आणि वर का नाही गेले ते?’’

‘‘रिपोर्टात सायबांनी काय लिवलं ठावं हाय? चूक माझी, म्हनून. ज्यानं खोटा निरोप दिला ते कोवळं पोरगं व्हतं, त्याचं नाव बी घेतलं न्हाई. वरच्या पायऱ्या ऱ्हायल्या त्या ऱ्हायल्याच.’’

सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांनी आपले पाय पदराखाली घेतले.

जाताना सुभेदार ती थाळी माझ्याकडे देऊन गेला. साहेबांच्या मुलीने सांगितलं होतं, गावात कुणाकडे तरी असू दे. कुणाला द्यावी हे त्याला काय माहीत! मी तिच्यात कधी घास घेतला नाही. मागचा नंबर मात्र बोटाने वाचते.

स्वतःची समजूत घालायला मी एकच गोष्ट म्हणते. त्या दिवशी मी ‘संपलं’ म्हटलं ते खोटं होतं, पण ‘सगळे जेवले’ हे तर खरं होतं ना? आणि त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. समजूत निम्मी पटते. मग झाकणाचा चटका आठवतो.

आता मालकही नाहीत. मी कामोठ्यात मुलाकडे असते, चौथ्या मजल्यावर. सर्वपित्रीला आम्ही गच्चीवर पानं ठेवतो. सासऱ्यांचं, सासूबाईंचं, मालकांचं. गेलेल्यांना आधी वाढायचं आणि मग घरच्यांनी बसायचं, ही रीत. पण एका माणसाला ही रीत लावून चालत नाही. म्हणून सगळे जेवतात, मुलं, सून, धुणंभांड्याची मावशी, खाली वॉचमन. सून दरवर्षी म्हणते, ‘‘आई, आता तुम्ही बसा ना, किती उशीर?’’ मी म्हणते बसते, आणि बसते. खोटं जेवत नाही, पोटभर जेवते, कारण ते विचारतील.

मग थाळी काढते, तिच्यात भात आणि बिरडं वाढते आणि जिने चढून वर नेते. तोवर कावळे बाकीची पानं साफ करून गेलेले असतात. थाळी कठड्यावर ठेवते आणि मोठ्याने सांगते, शेजारच्या बिल्डिंगीतल्या बायका बघतात तरी सांगते.

सगळे जेवले, साहेब. मीही जेवले. आणि पातेल्यात अजून आहे.